कुल्लूचा लसूण निफाडात: सहा वाफे आणि दोन हिवाळे

निफाड तालुक्यातली एक वस्ती. घरापुढे कांद्याचं रान, मागे द्राक्षबाग, जमीन काळी आणि भारी. शेती काका-काकू पाहतात. पुतण्या नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. शनिवारी संध्याकाळी गावी येतो, सोमवारी पहाटे परततो. २०२३ च्या जूनमध्ये तो मित्रांबरोबर कुल्लू-मनालीला गेला आणि येताना दोन किलो लसूण घेऊन आला. मोठा गड्डा, आत आठ-दहा जाडजूड पाकळ्या, साल नखाने सहज निघणारं. घरचा गावरान लसूण वासाला तिखट, पण पाकळ्या बारीक. पावशेर सोलायचा तर अर्धी दुपार जाते. एवढ्यावरून त्याने ठरवलं की हाच लसूण आपल्याकडे लावायचा.

लावायचा कसा, हे मात्र त्याने मोबाईलवर शिकून घेतलं. कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातल्या परसबागांचे व्हिडिओ होते: लाकडी फळ्यांचे उंच वाफे, त्यात लसूण, वर पेंढा, त्यावर फूटभर बर्फ, आणि जुलैमध्ये मुठीएवढे गड्डे. निफाड म्हणजे महाराष्ट्राचं थंडीचं गाव. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा २ अंशांच्या खाली गेला होता आणि द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटवाव्या लागल्या होत्या. तेव्हा थंड प्रदेशातला लसूण आणि थंड प्रदेशातली पद्धत इथे चालायला हरकत नाही, असा त्याचा हिशोब. हिशोब वरवर बरोबर वाटतो, म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं.

पहिला हिवाळा

घराच्या बाजूला त्याने जुन्या विटांचे सहा वाफे बांधले. प्रत्येक वाफा आठ फूट बाय चार फूट, उंची दीड फूट. आत रानातली माती, कुजलेलं शेणखत आणि थोडं गांडूळखत. तीन वाफ्यांत कुल्लूचा लसूण लावला. चौथ्यात काकूंनी हट्टाने आपल्या गावरान लसणाच्या पाकळ्या टोचायला लावल्या, आणि उरलेल्या दोनांत मेथी-कोथिंबीर केली. काकूंनी स्वतःचा लसूण नेहमीप्रमाणे दसऱ्याच्या सुमारास कांद्याच्या रानाकडेच्या वरंब्यावर आधीच लावलेला होता. त्यामुळे न ठरवताच एक छान तुलना जमून आली: तोच गावरान लसूण वरंब्यावरही होता आणि विटांच्या वाफ्यातही.

पुतण्याने दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात लागण केली. पाकळी तीन इंच खोल, दोन पाकळ्यांत सहा इंच अंतर, वर सहा इंच उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला. एकदा पाणी दिलं आणि मग बंद, कारण व्हिडिओत हिवाळाभर कोणी पाणी देत नव्हतं.

तिकडे ही प्रत्येक गोष्ट का करतात, हे आधी नीट पाहू. थंड प्रदेशात लसूण शरद ऋतूत, जमीन गोठायच्या चार ते सहा आठवडे आधी लावतात. एवढ्या अवधीत पाकळीला मुळं सुटतात, कोंब मात्र फारसा वर येत नाही. मग जमीन गोठते आणि सगळं थांबतं. वाढच नाही म्हटल्यावर पाण्याचा प्रश्नच नाही. पाकळी दोन-तीन इंच खोल घालतात आणि वर पेंढ्याचा जाड थर देतात, त्याचा मुख्य हेतू पाकळीला ऊब देणं हा नसतो. उघडी जमीन रात्री गोठून फुगते, दुपारी सैलावते, पुन्हा गोठते. या उचलाआपटीत पाकळ्या मुळांसकट वर फेकल्या जातात. पेंढा जमिनीचं तापमान एकसारखं ठेवतो, म्हणून पाकळी जागच्या जागी राहते. वाफा उंच करण्याचं कारण वेगळं. बर्फ वितळताना पाणी साचतं आणि साचलेल्या पाण्यात पाकळी कुजते; उंच वाफ्यातून पाणी निघून जातं, शिवाय वसंतात त्याची माती लवकर तापते. त्याची किंमतही तिथले लोक मोजतात, कारण चारही बाजूंनी उघडा असल्यामुळे वाफा कडांकडून जास्त गोठतो. वसंतात पेंढा सारून नत्र देतात, पुढे ज्या जातींना फुलाचा दांडा येतो त्यांचा दांडा खुडतात, आणि जुलैच्या आसपास काढणी. म्हणजे पीक जमिनीत आठ-नऊ महिने, आणि त्यातला बराच काळ झोपलेलं.

आपल्याकडचा लसूण झोपत नाही. दसरा-दिवाळीला लावला की आठवड्या-दीड आठवड्यात उगवतो, डिसेंबर-जानेवारीत पानं काढतो, फेब्रुवारीत गड्डा भरतो आणि साधारण १२० ते १३५ दिवसांत काढणीला येतो. निफाडची थंडी कितीही बोचरी असली तरी जमीन गोठत नाही. पुतण्याने त्या हिवाळ्यात स्वयंपाकघरातला लांब दांडीचा थर्मामीटर वाफ्यात खुपसून ठेवला होता. जानेवारीत पहाटे हवा एक आकडी असतानाही मुळांपाशी तो कधी बारा-तेराच्या खाली गेला नाही. म्हणजे जे संकट टाळायला तिकडे खोल लागण आणि सहा इंच पेंढा, ते संकट इथे नाहीच. उरले फक्त त्या उपायांचे तोटे, आणि ते एकेक करून समोर आले.

२६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड तालुक्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. द्राक्षांची जी दैना झाली ती सर्वांना माहीत आहे. लसणाच्या बाबतीत मात्र वाफ्यांची उंची कामाला आली. रानात दोन दिवस चिखल होता आणि वाफ्यांत पाणी थांबलं नाही. भारी काळ्या जमिनीत लसूण गादीवाफ्यावरच घ्यावा असं जे सांगितलं जातं, त्यामागे हेच कारण आहे. त्यासाठी दीड फूट उंचीची गरज नसते. शेतातला गादीवाफा १५ सेंटीमीटर उंच आणि १२० सेंटीमीटर रुंद केला तरी पुरतो.

पाचटाने मात्र घात केला. भिजलेलं पाचट गार राहिलं, खाली कोंदटलं. तीन इंच खोल गेलेल्या पाकळ्यांना आधी मातीतून आणि मग त्या जाड थरातून वर यायचं होतं. काकूंचा वरंब्यावरचा लसूण तोवर वीतभर झाला होता. वाफ्यांत इथे-तिथे पिवळट, लांबुडके कोंब. पाचट उचललं तर खाली वाळवी. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको: पाचट आणि वाळवी यांची जुनी सोयरीक आहे. काही पाकळ्या कुजल्या होत्या, काही वाळवीने पोखरल्या होत्या.

"बाळा, लसूण काय थंडीनं मरतो व्हय? त्याला गोधडी कशाला?" काकू म्हणाल्या, आणि त्यांनीच पाचट ओढून काढलं. फक्त दोन बोटांचा थर ठेवला. पुतण्याने नाराजीनेच मान्य केलं.

पाण्याचंही तेच. लसणाची मुळं उथळ, बहुतेक वरच्या फूटभर मातीत. विटांचा उंच वाफा चहूकडून सुकतो, आणि जी कड तिकडे गोठते ती इथे तापते. पश्चिमेकडच्या विटा दुपारनंतर हाताला चटका देतात. डिसेंबरात पानांचे शेंडे वाळू लागले तेव्हा काकांनी ठिबकची एक नळी वाफ्यांवरून फिरवून दिली.

इथवरच्या चुका दुरुस्त होण्यासारख्या होत्या, आणि झाल्याही. चौथ्या वाफ्यातला गावरान लसूण उशिरा का होईना, सावरला. मार्चच्या मध्याला त्याच्या माना पडल्या, म्हणजे पिकलेली पात बुडाशी मोडून आडवी झाली, आणि गड्डे निघाले. वरंब्यावरच्यापेक्षा लहान, पण गड्डेच. शेजारच्या तीन वाफ्यांतला कुल्लूचा लसूण त्या वेळी काय करत होता? नुसता वाढत होता. पानं रुंद, गडद हिरवी, हेवा वाटावा अशी. येणारा-जाणारा थांबून विचारायचा. त्याआधीच, २०२४ च्या फेब्रुवारीत, किरकोळ बाजारात लसूण किलोला चारशे रुपयांच्या पुढे गेला होता, त्यामुळे ती पानं पाहून पुतण्याच्या मनात भलतेच आकडे नाचत होते. मार्च संपला, एप्रिल गेला. माना पडेनात. मेच्या उन्हात पानं करपून आडवी झाली. उपटून पाहिलं तर बहुतेकांच्या बुडाला पातीच्या कांद्यासारखा जाडसर दांडा, आणि काहींना सुपारीएवढी एकच गोल पाकळी.

गड्डा का धरला नाही

बियाणं खराब निघालं, असं घरात सर्वांचं मत पडलं. बियाणं उत्तम होतं. इतकी जोमदार पानं वाईट बियाण्याला येत नाहीत.

लसणाला गड्डा धरायला दोन निरोप लागतात, तेही क्रमाने. पहिला थंडीचा: काही आठवडे साधारण ५ ते १० अंशांच्या आसपासची थंडी. ती साठवणीत मिळाली तरी चालते, शेतात मिळाली तरी चालते. दुसरा दिवसाच्या लांबीचा. दिवस मोठा होत जातो, हवा तापू लागते, आणि झाड पानं काढायचं सोडून पाकळ्या भरायला लागतं. हा दुसरा निरोप किती मोठ्या दिवसाला ऐकू यावा, हे जातीवर अवलंबून असतं. महाराष्ट्रातले लसूण लहान दिवसांचे आहेत. फेब्रुवारीतला पावणेबारा तासांचा दिवस त्यांना पुरतो. हिमाचल, काश्मीर, उत्तराखंडातले डोंगरी लसूण मोठ्या दिवसांचे, त्यांना तेरा-चौदा तासांची भाषा कळते.

आता नकाशा पाहू. नाशिक २० अक्षांशावर. २१ डिसेंबरला इथे दिवस जेमतेम अकरा तासांचा, २१ मार्चला बारा तासांचा, आणि तेरा तासांचा व्हायला मे महिन्याचा मध्य उजाडतो. वर्षातला सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या फार पुढे जात नाही. कुल्लू ३२ अक्षांशाजवळ. तिथे एप्रिलच्या मध्यालाच दिवस तेरा तासांना टेकतो आणि मेच्या मध्याला पावणेचौदा होतो. शिवाय त्या वेळी तिथली हवा लसणाला मानवेल अशी असते. निफाडात तेरा तासांचा दिवस येतो तेव्हा पारा ३८-४० वर असतो. इतक्या उष्णतेत लसूण गड्डा भरत नाही, जीव वाचवायला बघतो. टोरांटोसारख्या शहरात तर जूनमधला दिवस साडेपंधरा तासांच्या जवळ जातो, म्हणून तिथल्या व्हिडिओतले मुठीएवढे गड्डे.

थंडीचा निरोपही अर्धवटच पोहोचला होता. २०२३ हे एल निनोचं वर्ष, आणि डिसेंबर नेहमीपेक्षा उबदार गेला. निफाडची थंडी म्हणजे पहाटेची थंडी. सूर्य वर आला की दुपारी पारा २७-२८ ला. डोंगरात दिवसरात्र गारठा असतो, आठवडेच्या आठवडे. बियाणं जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत घरात साध्या तापमानाला टांगलेलं होतं, म्हणजे तिथेही काही थंडी मिळाली नाही. ज्या झाडांना एकच गोल पाकळी आली, ती याच कारणाची खूण. अपुरी थंडी मिळालेला किंवा फार बारीक पाकळीपासून वाढलेला लसूण गड्डा धरतो, पण त्याचे भाग पाडत नाही.

राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानने डोंगराळ भागासाठी ॲग्रीफाउंड पार्वती नावाची जात काढली आहे, आणि मैदानी भागासाठी यमुना सफेद मालिकेतल्या जाती वेगळ्या ठेवल्या आहेत. प्रतिष्ठानचं प्रक्षेत्र नाशिकहून निफाडकडे येताना चितेगाव फाट्यावर आहे. पुतण्या दर शनिवारी त्याच्यासमोरून जात होता. हे मी त्याला चिडवायला म्हटलं, पण त्यात खरी गोष्ट आहे. पाकळीची जाडी पाहून लसूण निवडला जातो आणि तो कुठल्या अक्षांशावरचा आहे हे कोणी विचारत नाही. आंबा किंवा सफरचंद असतं तर कोणीही विचारलं असतं. लसूण सगळीकडे पांढराच दिसतो, म्हणून तो सगळीकडे सारखाच असेल असं वाटतं.

दुसरा हिवाळा

पुतण्या इंजिनिअर, दिवस मोठा करता येत नाही हे त्याला पटलं, पण थंडी तर देता येते ना, हा प्रश्न त्याने सोडला नाही. प्रश्न रास्त होता. लागणीआधी गड्डे थंडीत ठेवले तर गड्डा धरण्याची क्रिया लवकर सुरू होते आणि मोठ्या दिवसाची अटही थोडी सैल होते, हे माहीत असलेलं तत्त्व आहे. म्हणून २०२४ मध्ये नवी मांडणी ठरली. नाशिकच्या बाजारातून पुन्हा हिमाचली लसूण आणला. त्यातले बहुतेक गड्डे सप्टेंबरपासून दीड महिना फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, कागदी पिशवीत, न फोडता ठेवले. थोडे तुलनेसाठी बाहेर टांगले. त्या फ्रिजवरून घरात जी कुरकुर झाली तिची नोंद इथे करत नाही, एवढंच सांगतो की ताकाला सुद्धा लसणाचा वास येत होता.

वाफ्यांची वाटणी अशी झाली. एकात फ्रिजमधला हिमाचली आणि त्याच्याच एका कोपऱ्यात बाहेर टांगलेला हिमाचली, तीनांत यमुना सफेद-३ म्हणजे शेतकरी जिला जी-२८२ म्हणतात ती जात, दोनांत गावरान. जी-२८२ घेण्याचं कारण पाकळीच. गड्ड्यात पंधरा-सोळा पाकळ्या, गावरानापेक्षा जाड, आणि मैदानात येणारी. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची भीमा पर्पल किंवा राहुरी कृषी विद्यापीठाची फुले बसवंत घेतली असती तरी चाललं असतं. पुतण्याला पांढरा हवा होता.

लागण ऑक्टोबरच्या उत्तरार्धात झाली. या वेळी पाकळ्या निवडल्या: बाहेरच्या जाड पाकळ्या लागणीला, आतल्या बारीक फोडणीला. त्या कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून घेतल्या आणि टोक वर ठेवून टोचल्या, माती वर दोन-तीन सेंटीमीटर, अधिक नाही. अंतर १५ बाय १० सेंटीमीटर. फक्त जी-२८२ च्या एका वाफ्यात पुतण्याने जुनं सहा इंचाचं अंतर ठेवलं, कारण मोकळं ठेवलं की गड्डा मोठा होतो यावर त्याचा अजून विश्वास होता. पाचट दोन बोटं, तेही उगवण झाल्यावर ओळींच्या मध्ये. पाणी ठिबकने, माती हाताने पाहून.

डिसेंबरच्या मध्यात निफाडचा पारा एक आकडी झाला आणि या वेळी थंडी टिकली. गावरान आणि जी-२८२ दोन्ही त्या गारठ्यात बसकट, निरोगी राहिले. जानेवारीत थोडे फुलकिडे आले, पानांवर चंदेरी चट्टे दिसले. निळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्क यांवर भागलं. करपा रोगाचं विशेष काही झालं नाही.

विशेष झालं ते त्या मोकळ्या अंतराच्या वाफ्यात. जानेवारीच्या मध्याला त्याची पानं थोडी फिकी वाटली म्हणून पुतण्याने एका शनिवारी युरिया दिला आणि ठिबक जास्त वेळ सोडलं. लागणीला तेव्हा अडीच महिने होऊन गेले होते. फेब्रुवारीत त्या वाफ्यातल्या बऱ्याच झाडांच्या पानांच्या बेचक्यांतून नवे कोंब बाहेर आले. झाड झुडपासारखं दिसायला लागलं, बुडाशी हात लावला तर गड्डा मऊ, दाबल्यावर रबरासारखा. काकूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्याला आता पाणी देऊ नको आन् काही घालू नको. हा पावसाळ्यापर्यंत टिकायचा नाही, आधी खाऊन टाकू."

लसणात याला अकाली फुटवे किंवा रबरी लसूण म्हणतात. जमिनीतच पाकळ्यांना कोंब फुटतात आणि गड्ड्याचं वजन पानांत जातं. कारणं बहुधा एकत्र येतात: उशिरा दिलेलं किंवा जास्तीचं नत्र, भरपूर पाणी, मोकळं अंतर, आणि पाकळी तयार होत असतानाची कडक थंडी. इथे चारही हजर होती. थंडी सहाही वाफ्यांना सारखीच लागली होती, तरी ज्यांत नत्र वेळेत संपलं आणि झाडं दाट होती, त्यांत फुटव्यांचं प्रमाण नगण्य. नाशिकच्या लसूण उत्पादकाने थंडीला भ्यायचं असेल तर ते या अर्थाने. पाकळी गोठून मरण्याची भीती इथे कधीच नसते. मात्र थंडी जोरात असताना वर नत्र आणि पाणी मिळालं, तर गड्डा बंद व्हायच्या ऐवजी उघडतो. म्हणून नत्राचा एक हिस्सा लागणीला, उरलेलं दोन हप्त्यांत, पहिला महिन्याने आणि दुसरा दीड महिन्याने द्यावं. दोन महिन्यांनंतर युरियाच्या पोत्याकडे पाहू नये, पानं फिकी दिसली तरी.

बाकीच्या दोन जी-२८२ वाफ्यांनी पुतण्याचं समाधान केलं. फेब्रुवारीच्या अखेरीस पाणी तोडलं, पंधरवड्याने माना पडल्या, पानं पिवळी झाली, काढणी केली. पातीसकट सावलीत सुकवून जुड्या बांधल्या आणि पडवीच्या वाशांना टांगल्या. गड्डे एकसारखे, घट्ट. कुल्लूच्या लसणाएवढ्या पाकळ्या नव्हत्या, पण सोलणाऱ्याला फरक जाणवेल इतक्या होत्या.

आणि फ्रिजमधला हिमाचली? तो या प्रकरणातला सर्वांत मजेदार भाग आहे. ज्यांना थंडी दिली होती त्यांनी मार्चमध्ये खरोखरच गड्डा धरायला सुरुवात केली. कोपऱ्यातल्या, थंडी न दिलेल्या झाडांनी पुन्हा नुसती पानं काढली. म्हणजे तत्त्व खोटं नव्हतं. पण एप्रिलच्या तापात सगळं अर्ध्यावर थांबलं. गड्डे लिंबाएवढे, कित्येकांत दोन-तीनच पाकळ्या, काहींना बाजूने फुटवे. दीड महिना फ्रिजचा कप्पा अडवून आणि सहा महिने वाफा अडवून एवढंच. प्रयोग म्हणून छान, पीक म्हणून नाही. आणि तो वर्षानुवर्षं करत राहावा असं मी कोणालाही सुचवणार नाही.

विटांच्या वाफ्यांबद्दल काकांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. त्यांच्या मते रानात ट्रॅक्टरने पाडलेला गादीवाफा तेच काम फुकटात करतो, आणि लसूण काढल्यावर त्याच जागी दुसरं पीक घेता येतं. शेतासाठी त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. घराजवळच्या परसबागेत, शहरातल्या अंगणात किंवा पाणी साचणाऱ्या जागेत विटांचा वाफा सोयीचा. फक्त त्याची उंची फूटभर पुरे, आणि फेब्रुवारीपासून पश्चिमेची कड रोज बोट घालून पाहावी, कारण ती सर्वांत आधी सुकते. या घरात पश्चिमेच्या ओळीतले गड्डे दोन्ही वर्षी मधल्यांपेक्षा लहान निघाले. पुतण्याने त्या कडेला आता मेथी लावायचं ठरवलं आहे.

पहिल्या वर्षी वाया गेलेल्या त्या कुल्लूच्या पानांचं काय झालं, हे राहिलंच. काकूंनी मार्चपासूनच ती खुडायला घेतली होती. पातीचा ठेचा, पातीची चटणी, थालीपीठ. शेजारच्या चार घरांतही गेली. रुंद, रसाळ पात गावरान लसणाला इतकी कधीच येत नाही. त्यामुळे पुढच्या हंगामाच्या वाटपात एक वाफा हिमाचलीचा कायम आहे, गड्ड्याची अपेक्षा न ठेवता, नुसत्या पातीसाठी. त्याला फ्रिज नको, दाट लावायचा, नत्राची भीती नाही, आणि खुडत राहायचं.

उरलेल्या पाच वाफ्यांचा हिशोब पुतण्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे. १५ बाय १० सेंटीमीटरने एका वाफ्यात आठ ओळी, ओळीत चोवीस, म्हणजे १९२ पाकळ्या. पाच वाफ्यांना ९६०. गड्ड्यातल्या लागणीजोग्या पाकळ्या दहा धरल्या आणि टांगणीतली तूट सोडली, तर जी-२८२ चे एकशे दहा गड्डे बियाण्याला राखायचे. त्या जुडीला काकूंनी लाल चिंधी बांधली आहे, म्हणजे कोणी चुकून स्वयंपाकाला काढू नये.